खाशाबांचा गुडघा

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील कोथरूडला 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाली. काही मल्ल मातीवर लढले, काही गादीवर. कुस्ती शिकवणाऱ्याला मराठीत वस्ताद म्हणतात. हा तुमचा उस्तादच, बरे का!

गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत भारताला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले खाशाबा जाधव यांनी. त्यांचे गाव कराडजवळचे गोळेश्वर. १९४८ साली लंडनमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. लाल मातीत वाढलेल्या खाशाबांना गादी नवीन होती. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. असे गुरू किती असतील? खाशाबांनी कांस्यपदक आणले. सुवर्ण जपानच्या इशीने घेतले.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. आता मेलबर्नला सुवर्णपदक मिळवायचे, असे त्यांनी ठरवले होते. फ्रीस्टाइलमध्ये पट काढायचा, म्हणजे झटकन खाली वाकून समोरच्याचा पाय धरायचा. सारा भार गुडघ्यावर येतो. नेमका तोच गुडघा सरावात दुखावला. १९५६ च्या ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. वय होते अवघे तीस.

पुढे त्यांनी पोलिसांत नोकरी केली. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर मिळाला. कुस्तीतले भारताचे दुसरे ऑलिंपिक पदक सुशीलकुमार यांनी जिंकले, ते २००८ साली.