शाळेतील बदल : आदेश, शिक्षक आणि समाज

शाळा सुधारली पाहिजे, असे आपण सर्वजण म्हणतो. परंतु शाळा सुधारणे म्हणजे शिक्षकाची शिकविण्याची रीत सुधारणे होय, आणि ती केवळ परिपत्रकाने सुधारत नाही.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात वाड्या-वस्त्यांवर दोन शिक्षकी शाळा आहेत. तेथे एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. त्याची बदली झाली की त्याने सुरू केलेला उपक्रमही थांबतो. ज्या मुलाच्या घरात पूर्वी कोणी शाळेत गेले नाही, त्याचे हे नुकसान घरी भरून निघत नाही.

पूर्वपीठिका

महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे निवेदन केले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार महिना 12 रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी तो 15 ते 20 रुपये असावा, असे त्यांनी मागितले. शिक्षकाकडून अपेक्षा करावयाची तर त्याला बळही दिले पाहिजे, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

कुमठे बीटचा अनुभव

बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडील शाळांचा गट. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत रुजविली. मुले गटात बसून मणी, काड्या, चित्रे हाताळत शिकू लागली. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर राज्यभरातील शिक्षक या शाळा पाहण्यास गेले. मात्र फरशी रंगविणे सोपे असते. मुलाला विचार करण्यास वेळ देणे कठीण असते. केवळ नक्कल केली तर फरशी बदलते, रीत तीच राहते.

बदलाचे नियोजन

1. एका वेळी एकच बदल घ्यावा. उदाहरणार्थ, प्रथम फक्त पहिली-दुसरीचे वाचन.
2. आधी पाहावे, मग करावे. आपल्यासारख्याच शाळेतील शिक्षकाचा वर्ग पाहिल्याने जो विश्वास येतो, तो भाषणाने येत नाही.
3. पाठीशी माणूस असावा. केंद्रप्रमुखाने दप्तर तपासून न जाता वर्गात बसावे, अडचण समजून घ्यावी व पुन्हा यावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा अडचणींवर चर्चा व्हावी.
4. धीर धरावा. नवीन पद्धतीत आरंभी गोंधळ होतो. त्याच वेळी दोष दिला तर शिक्षक जुन्या वाटेने परततो.
5. नोंद ठेवावी. काय केले, काय जमले, हे शाळेत लिहून ठेवल्यास बदलीनंतर येणाऱ्याला पुढे चालता येते.

समाजाची जबाबदारी

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य महिला असतात. आपल्या सभासदांनी या समितीत जावे. केवळ तक्रार न मांडता, “गुरुजी, बाई, आपणास कोणती मदत हवी?” असेही विचारावे. प्रश्न विचारणे हा पालकांचा हक्क आहेच; पण साथ दिलेल्या माणसाचा प्रश्न शिक्षक अधिक मनावर घेतो.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

1. आदेशाने काय बदलते व काय बदलत नाही?
2. आपल्या गावच्या शाळेत प्रथम कोणता एक बदल घ्यावा? त्यासाठी शिक्षकास कोणते साहाय्य लागेल?