एका पडण्याची किंमत

चि. भाचेबुवांस,


तुझं पत्र मिळालं. जिंकायचं असेल तर पहिल्या लॅपपासून शेवटपर्यंत गाडी पिळावीच लागते, सांभाळून चालवणारे दुसरे-तिसरे येण्यातच धन्यता मानतात, असं तू लिहिलं आहेस. तुझ्या वयाला ते शोभतं आणि अर्धं खरंही आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र. तुला भीती घालायची नाही. ते काम ताई रोज इमानेइतबारे करतेच.

आधी रोकडा हिशेब मांडू. अमेरिकेतल्या सुपरक्रॉस या मोटरसायकल शर्यतींच्या मालिकेत पहिल्याला २५ गुण मिळतात, दुसऱ्याला २२. मुख्य शर्यतीत २२ जण असतात आणि शेवटच्याला १ गुण. म्हणजे दुसऱ्या जागेवरचा रायडर पुढच्याच्या आत घुसायला जातो तेव्हा कमवायचे असतात ३ गुण आणि पणाला लागलेले असतात २१. एकदा तळाला फेकला गेला, की ती तूट भरायला त्याला एरवी दुसरा आला असता अशा सात शर्यती जिंकाव्या लागतात, आणि सीझन असतो सतरा फेऱ्यांचा. याच आकड्यांवरून असंही निघतं, की तशी घुसखोरी आठपैकी सात वेळा साधली तरच बरोबरी होते, फायदा नाहीच. प्रत्येक पडणं तळाला नेत नाही हे मान्य. बरेचदा माणूस उठतो आणि आठवा-नववा येतो. पण हिशेब तेवढ्यानं सुटत नाही, आणि पडलेला माणूस पुढच्या शनिवारी गेटवर उभा असेल हे आपण इथे गृहीतच धरलं आहे.

२०१७ चा सीझन मी तुला वाचायला सांगेन तो यासाठीच. त्या वर्षी ईलाय टोमॅकनं नऊ फेऱ्या जिंकल्या, रायन डंजीनं तीन. विजेतेपद डंजीला, फक्त ५ गुणांनी. टोमॅक सुरुवातीला मागे पडला, मग एकामागून एक जिंकत वर आला आणि शेवटून दुसऱ्या फेरीला, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला, ३ गुणांची आघाडी घेऊन उतरला. तिथे तो पडला आणि आठवा आला, डंजी जिंकला. तेव्हाच्या कोष्टकात आठव्याला १३ गुण होते, म्हणजे एका रात्रीत १२ गुणांची उलथापालथ. लास व्हेगासच्या शेवटच्या फेरीत टोमॅक दुसरा आला, डंजी चौथा, आणि तेवढं पुरलं. आता तू म्हणशील, वेगवान कोण होता? टोमॅक, निर्विवाद. डंजीला कंटाळवाणा म्हणणारेही तेव्हा पुष्कळ होते. पण त्याआधी याच माणसानं सलग ३१ फेऱ्यांत पहिल्या तिघांत येऊन दाखवलं होतं. खराब गेट, निसरडी माती, अंगात ताप, पुढे कोणी आडवा पडलेला, अशा एकतीस रात्रींत एकदाही पहिल्या तिघांबाहेर न जाणं याला मी तरी सावधपणा म्हणणार नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ज्याला खडूसपणा म्हणतात त्या जातीची ही गोष्ट आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला केन रॉकझननं पहिल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या होत्या. तिसऱ्या फेरीत अनाहाइमला तो असा पडला की डाव्या हातावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढचा विजय मिळायला २०२० चा जानेवारी उजाडला.

एका सीझनवरून सिद्धांत मांडू नये, म्हणून युरोपकडे वळू. जागतिक मोटोक्रॉसमध्ये बेल्जियमच्या स्तेफान एवर्ट्सच्या नावावर १०१ ग्रां प्री विजय आणि दहा विश्वविजेतेपदं आहेत. नेदरलँड्सच्या जेफ्री हर्लिंग्जनं २०२३ मध्ये विजयांचा तो आकडा ओलांडला. त्याची विजेतेपदं मात्र पाच. एवढी तफावत आली कुठून? २०१४ मध्ये मोठी आघाडी असताना एका धर्मादाय शर्यतीत त्यानं मांडीचं हाड मोडून घेतलं आणि विजेतेपद ४ गुणांनी जॉर्डी तिक्सिएकडे गेलं. २०१५ मध्ये पुन्हा दुखापत, पुन्हा विजेतेपद हातचं गेलं. २०२० मध्ये आघाडीवर असताना फाएन्झाला मानेला मार लागला. २०२२ चा सीझन सुरू होण्याआधीच पाय मोडला आणि अख्खं वर्ष वाया गेलं. २०१८ मध्ये, शरीर बहुतेक वेळ जागेवर असताना, याच माणसानं भाग घेतलेल्या १९ पैकी १७ ग्रां प्री जिंकल्या आणि उरलेल्या दोन्हींत दुसरा आला. त्याच्याइतका वेगवान माणूस या खेळात क्वचितच झाला असेल. एवर्ट्स गाडीवर उभा राहून, ब्रेक-थ्रॉटलची ओढाताण न करता, जणू घाई नसल्यासारखा चालवायचा, आणि २००६ च्या आपल्या शेवटच्या सीझनमध्ये १५ पैकी १४ ग्रां प्री जिंकून थांबला.

यावर तुझी बाजू मीच मांडतो. जेम्स स्टुअर्ट ट्रॅकवर जे करायचा ते बघून बाकीच्यांचे डोळे पांढरे व्हायचे, आणि २००९ चं सुपरक्रॉस विजेतेपद त्यानंच घेतलं. खरं आहे. पण आकडे बघ. स्टुअर्टनं अकरा फेऱ्या जिंकल्या, चॅड रीडनं तीन, आणि शेवटी फरक पडला ४ गुणांचा. पहिल्याच फेरीत रीडशी झालेल्या धडकेनंतर स्टुअर्ट तळाला गेला होता. ती एक रात्र भरून काढायला एवढे विजय खर्ची पडले. पुढच्या वर्षी मनगट मोडलं आणि त्याचा सीझन सुरुवातीलाच आटोपला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वेग नसेल तर सातत्य घेऊन करायचं काय? दरवेळी दहावा येणाराही सातत्यानंच येतो. इथे मी तुझ्या बाजूचा आहे. डंजीनं त्या एकतीस फेऱ्यांच्या आधी २०१० मध्ये, ४५० सीसीच्या वर्गातल्या पहिल्याच वर्षी, सुपरक्रॉस आणि आउटडोअर मोटोक्रॉस अशी दोन्ही विजेतेपदं घेतली होती. वेग आधीपासून होता. तुझ्या वयात वेग शोधताना पडणं अटळ आहे. फक्त ते सरावात, एका ठरावीक वळणावर, काय तपासतो आहोत हे ठाऊक असताना पडणं असावं. शर्यतीत नवा वेग शोधायला जाणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक उघडणं.

नशिबाचं काय, हाही प्रश्न आहेच. २०२३ मध्ये टोमॅक गुणतक्त्यात पुढे होता, डेन्व्हरला, स्वतःच्या राज्यात, शर्यतीतही पुढे होता, आणि न पडताच एका लँडिंगला टाचेवरची शीर तुटली. विजेतेपद चेस सेक्स्टनकडे गेलं. त्यात टोमॅकची चूक शोधणं अन्याय आहे. पण जे हातात नाही ते एवढं मोठं असताना, जे हातात आहे तेही उधळायचं हा युक्तिवाद मला कळत नाही.

शिवाय धोका किती घ्यायचा हे स्वभावापेक्षा नियमपुस्तक जास्त ठरवतं, आणि तुम्ही मुलं ते पुस्तक उघडतच नाही. अमेरिकेतल्याच सुपरमोटोक्रॉस मालिकेच्या निर्णायक तीन फेऱ्यांत गुण एकपट, दुप्पट, तिप्पट होत जातात; तिथे शेवटच्या रात्री मागे असलेल्यानं जोखीम घेतलीच पाहिजे, राखून ठेवण्यासारखं काही उरलेलं नसतं. राष्ट्रांच्या मोटोक्रॉस स्पर्धेत प्रत्येक देशाचे तिघे मिळून सहा निकाल येतात आणि सर्वांत वाईट एक वगळला जातो, म्हणजे संघाला एक पडणं माफ. आपल्याकडच्या लीगचं गणित आणखी वेगळं. २०२४ ची इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग पुणे, अहमदाबाद आणि बेंगळुरू अशा तीनच ठिकाणी झाली. तीन ठिकाणांच्या सीझनमध्ये एक शून्य पडलं तर ते भरायला पुढे शर्यतीच उरत नाहीत. छोटा सीझन म्हणजे मोकाट सुटायला हरकत नाही, असं तुला वाटतं ते नेमकं उलटं आहे. मोकाट सुटायची वेळ फक्त शेवटी, आणि तीही मागे असलास तरच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की धोका मोजून खर्च कर. होलशॉटसाठी, म्हणजे पहिल्या वळणावर पुढे निघण्यासाठी, आणि पहिल्या दोन लॅपमध्ये जरूर कर. तेव्हा सगळे एकमेकांच्या अंगावर असतात, एका वळणात चार जागा मिळतात आणि हात ताजे असतात. त्याच ट्रिपलच्या उडीवर, त्याच व्हूप्सच्या उंचवट्यांत सतराव्या मिनिटाला तोच धोका दामदुप्पट महाग असतो. आर्म पंप होऊन हात आखडलेले असतात, मातीतल्या चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि मिळणारी जागा एकच असते. पडणं बरेचदा धाडसातून येतच नाही, दमलेल्या हातातून येतं. ऑल्डन बेकर या दक्षिण आफ्रिकी प्रशिक्षकाकडे कार्मायकल, स्टुअर्ट, विलोपोटो, डंजी असे एकामागून एक विजेते गेले ते उड्या शिकायला गेले नव्हते. दम कमवायला गेले होते. रिकी कार्मायकलनं २००२ मध्ये आउटडोअरच्या २४ पैकी २४ मोटो, म्हणजे शर्यती, जिंकल्या. एकेक मोटो तीस मिनिटं आणि वर दोन लॅप. असं वर्ष डोकं फिरवून गाडी पिळणाऱ्याच्या नशिबी येत नाही. दुसऱ्यांना जो वेग जीव मुठीत घेऊन गाठावा लागायचा, तो त्याला अंगात शिल्लक ठेवून गाठता येत होता.

तुझ्या सर्वांत वेगवान लॅपचा आकडा तू पत्रात ठळक लिहिला आहेस. पुढच्या वेळी लांब सरावातल्या सगळ्या लॅपचा तक्ता पाठव, एकही न गाळता. पाचव्या आणि पंधराव्या लॅपमध्ये किती सेकंदांचं अंतर पडतं ते बघू, आणि मग ओव्हरटेक कुठे करायचा यावर बोलू. नेक ब्रेसचे पट्टे बदलायचे आहेत असं ताई म्हणत होती; ते या आठवड्यातच कर, पैसे मी पाठवतो. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा