बिळास कवाड लावणारा कोळी

कोळी म्हटला कीं डोळ्यांपुढें जाळें येतें. परंतु हवेंत जाळें न विणतां जमिनींत बीळ खणून त्यास कवाड बसविणारे कोळीही आपल्या सह्याद्रींत आहेत. शास्त्रांत त्यांच्या कुळास इडिऑपिडी म्हणतात. त्यांतील एका जातीस २००५ सालीं मुंबईवरून ‘इडिऑप्स बॉम्बेएन्सिस’ असें नांव देण्यांत आलें.

वस्तीची जागा.— सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस, पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांकडे, जमीन उताराची व पाऊस पुष्कळ. तेथील न ढळलेल्या मातीच्या दरडी, पायवाटांच्या कडा, शेवाळ धरलेले जुने बांध, अशाच जागा या कोळ्यांस मानवतात.

बिळाची रचना.— जबड्यावरील राठ कांट्यांनीं मादी माती उकरते, बिळास आंतून रेशमाचें अस्तर देते, आणि माती व रेशीम मिळून झांकण करते. त्याची बिजागरीही रेशमाचीच. झांकणावर भोवतालचीच माती किंवा शेवाळ असल्यामुळें तें मिटलेलें असतां सहसा ओळखूं येत नाहीं. रात्रीं तें किंचित् उचलून मादी दबा धरते. मुंगी किंवा भुंगेरा जवळून गेला कीं झडप घालून त्यास आंत ओढते. शत्रूची चाहूल लागतांच कवाड आंतून घट्ट धरून ठेवते. माणसाच्या वाटेस ती जात नाहीं.

आयुष्य.— नर वयांत आल्यावर बीळ सोडून मादीच्या शोधार्थ फिरतो. मादी मात्र बहुधा जन्मभर एकाच बिळांत राहते, व पिलेंही फार दूर न जातां आसपासच बिळें करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियांत याच कुळांतील एका मादीची नोंद बार्बरा यॉर्क मेन या विदुषींनीं १९७४ पासून ठेविली होती. २०१६ सालीं ती मेल्याचें आढळलें, तेव्हां तिचें वय ४३ वर्षांचें होतें. इकडील जाती तितक्या जगतात असें नव्हे. परंतु यंत्रानें बांध सपाट केला म्हणजे अनेक पिढ्यांची वस्ती एका सकाळींत मोडते, हें ध्यानीं यावें.

हा कोळी पिकावरील कीड आटोक्यांत आणील असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या बांधावर त्याचें कवाड आहे तेथील माती पुष्कळ काळ ढळलेली नाहीं, एवढी साक्ष तें खास देतें. आणि माती धरणारा बांध कोणास नको आहे? म्हणून डागडुजी करतांना सर्व दरड एकदम तासूं नये, बांधावरील गवत जाळूं नये, कीटकनाशकाचा फवारा तेथें जाऊं देऊं नये, आणि कवाड दिसल्यास तें उचकटूं नये, इतकेंच शेतकरी बंधूंस सांगणें आहे.