काळ्या पाषाणाखालची प्राचीन भूमी

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागात डोंगराचा कडा पाहावा किंवा विहिरीची खोदाई पाहावी, सर्वत्र काळ्या पाषाणाचेच दर्शन घडते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा वाहत आला व त्याचे थरावर थर साचून हा बेसाल्ट खडक बनला. या आवरणाखाली कोणती भूमी आहे, हा प्रश्न ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे निकडीचा झाला. ६.३ महत्तेच्या भूकंपाने त्या दिवशी कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि दीडशेहून अधिक माणसांचा बळी घेतला.

पुढे या परिसरात संशोधनासाठी खोल छिद्रे घेण्यात आली. कोयनेजवळ रासाटी येथे सुमारे ९३३ मीटर खोलीवर बेसाल्ट संपला. गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीपर्यंत नेलेल्या छिद्रात त्याची जाडी १,२४७ मीटर भरली. त्याखाली लागला तो ग्रॅनाइटी पट्टिताश्म. या खडकाचे वय सुमारे २७० कोटी वर्षे आहे. रासाटी येथे या दोन्ही खडकांच्या दरम्यान गाळाचा थर आढळला नाही. प्राचीन भूमीवर लाव्हा थेट पसरला होता.

शिलारस निरनिराळ्या प्रकारचा असतो. बेसाल्टी शिलारसात सिलिका सुमारे निम्मी असते. तो पातळ असल्याने दूरवर पसरतो. सिलिकेचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेले, की तो दाट व चिकट होतो. असा शिलारस भूपृष्ठावर आल्यास रायोलाइट व खोलवर सावकाश थिजल्यास ग्रॅनाइट तयार होतो. दीर्घकाळ उष्णता व दाब सोसल्यावर या खडकांतील खनिजांची पुनर्रचना होते. फिकट व गडद पट्टे उमटतात, म्हणूनच त्यास पट्टिताश्म म्हणतात. रूप पालटले तरी रासायनिक घडण बहुतांशी टिकते आणि झिर्कॉनच्या सूक्ष्म स्फटिकांत जन्मकाळाची नोंद राहते.

याच प्राचीन भूमीचा विस्तार दक्षिणेस कर्नाटकात उघड्यावर दिसतो. तेथील चित्रदुर्ग व शिमोगा पट्ट्यांत रूपांतरित बेसाल्टासोबत रूपांतरित रायोलाइटही आढळतात. प्राचीन भूखंड ताणला जाऊन खचलेल्या भागांत असे काही थर साचले असावेत, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे बेसाल्टी उद्रेकाच्या सुमारास भारताचा पश्चिम किनारा पुन्हा ताणला गेला आणि सेशल्सचा भूभाग अलग झाला.

या अभ्यासाचा लोकजीवनाशी निकटचा संबंध आहे. कोयना व वारणा परिसरातील भूकंपांची केंद्रे बहुतांशी बेसाल्टाखालच्या या खडकात, १० किलोमीटरच्या आतील खोलीवर असतात. जुन्या विभंगांवर आधीच ताण असतो. जलाशयातील पाण्याचा भार व भेगांतून खोलवर पोहोचणारा दाब त्यांना सरकण्यास निमित्त होतो. कराड येथील केंद्र शासनाच्या प्रयोगशाळेत या खडकांचे नमुने अभ्यासले जातात. भूकंपाची वेळ आधी सांगणे आजही शक्य नाही. तथापि धोक्याची जागा ओळखता आली, तर पाटण व शिराळा तालुक्यांतील घरे, शाळा व पूल अधिक भक्कम बांधता येतील. कोट्यवधी वर्षांच्या या खडकाकडून आजच्या माणसाने घ्यावयाचा धडा तो हाच.