शंका-समाधान : धुरा, माफी आणि मोजणी

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं क्षमेविषयी आहेत. नावं गाळली आहेत आणि मजकूर थोडा आखूड केला आहे.

प्रश्न : सलाम, पाळकसाहेब. आमचं शेत धावड्याच्या शिवारात आहे. वाटणीत वरचा तुकडा थोरल्या भावाला गेला, खालचा मला. दरसाल नांगरटीला तो एकदोन तासं धुरा कोरतो. यंदा माझ्या मिरचीची कडेची ओळ त्याच्या औताखाली गेली. नाताळाला तो करंज्यांचा डबा घेऊन दारात आला, तेव्हा मी डबा परत पाठवला. तेव्हापासून प्रभुभोजन घेतलेलं नाही. मी मोजणी आणली तर भावाला क्षमा केली नाही असं होईल का?

उत्तर : मोजणी आणा. हे आधीच सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांत भल्या माणसाला नमतं घ्यायला लावून वरून त्यालाच क्षमेचा शास्त्रपाठ ऐकवायची वाईट सवय आहे. शेजाऱ्याची मेर सरकवू नये ही गोष्ट अनुवादाच्या पुस्तकात दोनदा येते, एकदा आज्ञा म्हणून आणि एकदा शाप म्हणून. हद्दीचा दगड देवाच्या लेखी क्षुल्लक नाही. भोकरदनला भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. मात्र नोटीस हातात पडण्याआधी भावाला स्वतः जाऊन सांगा, आणि मोजणीच्या दिवशी सगळ्यांचा चहा तुमच्या घरून येऊ द्या.

लूकच्या बाराव्या अध्यायात असाच एक भाऊ येशूकडे येतो. वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा, म्हणतो. येशू साफ नकार देतो. मला तुमचा वाटणीदार कुणी नेमलं, असं विचारतो आणि पुढे बोलतो ते लोभाविषयी. वाटणीचं काम ज्यांचं त्यांच्यावर सोडून त्याने मनाचं काम तेवढं आपल्याकडे ठेवलं. तुम्हीही तशीच दोन कामं वेगळी करा. धुऱ्याचा निकाल मोजणीदाराच्या नकाशावर लागेल. भावाच्या वाईटावर टपून बसायचं की नाही, हा निकाल तुमच्याकडे आहे आणि त्यासाठी मोजणीची तारीख लागण्याची वाट पाहायची नाही. दगड तुमच्या बाजूने बसले तर क्षमा आणि त्याच्या बाजूने बसले तर वैर, असं ठरवलं असेल तर ती क्षमा नव्हे, तो सौदा झाला.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या त्या निर्दय चाकराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातला हिशेब कुणी मांडत नाही. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तलांताचे साधारण सहा हजार दिनार. राजाने सोडलेलं दहा हजार तलांतांचं कर्ज म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. रोज राबलं तरी दीड लाखांहून जास्त वर्षं लागतील. चाकराचं येणं होतं शंभर दिनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. पुष्कळ उपदेशक हे शंभर दिनार ‘क्षुल्लक’ म्हणून उडवून लावतात. ज्याने शंभर दिवस दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी केली आहे, त्याला विचारा क्षुल्लक का ते. येशूने मुद्दाम असा आकडा घेतला की येणं खरं ठरावं आणि सोडताना दुखावं. तुमची मिरचीची ओळ खरी आहे. पण तुम्ही आणि मी सहा कोटींतून सुटलेली माणसं आहोत, आणि देवाच्या प्रीतीत राहायचं म्हणजे ही सुटका रोज ध्यानात ठेवायची.

आता डब्याचं. वेदीपाशी दान ठेवून आधी समेट करायला जा, असं सांगताना येशू ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर’ असं म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं तो म्हणतो. तुमच्या पत्रात भावाचा अपराध आहे, भावाचं गाऱ्हाणं नाही. परत पाठवलेला डबा हे त्याचं एक गाऱ्हाणं तरी आता नक्की आहे. त्या एवढ्यापुरते तुम्ही जा, धुऱ्याचा विषय न काढता. आणि प्रभुभोजन सोडू नका. पौलाने करिंथकरांना स्वतःची परीक्षा करून मग भाकर खायला सांगितलं, परीक्षेच्या भीतीने मागच्या बाकावर बसून राहायला नव्हे.

जाता जाता, तुमचं प्रकरण यात बसत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बसेल. सातबारा एकाच्या नावावर, कसतो दुसरा, आणि त्याचं याच्याकडे, असा उलटसुलट ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘सलोखा योजना’ आणली. मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. योजनेची चालू मुदत तलाठ्याकडे विचारून घ्या. सरकारी योजनेला इतकं बायबलमधलं नाव क्वचितच मिळतं.

प्रश्न : नवरा पिऊन मारतो. माहेरी गेले तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सत्तर गुणे सात सांगून परत धाडलं. मी किती वेळा क्षमा करू? – एक बहीण

उत्तर : बाई, तुम्हाला परत धाडणाऱ्यांनी पेत्राचा प्रश्न वाचला, दाविदाची गोष्ट वाचली नाही. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या गुहेत तो दाविदाच्या हाती सापडला आणि दाविदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला. दुसऱ्यांदा झोपेत सापडला, तेव्हा उशाचा भाला आणि पाण्याचा चंबू तेवढा घेतला. दोन्ही वेळा शौल कळवळून बोलला. दुसऱ्या वेळी तर माझ्या मुला, परत ये, असंही म्हणाला. दावीद गेला नाही. समोरच्या टेकडीवरून बोलला, एका तरुणाला पाठवून भाला घेऊन जायला सांगितलं आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्याच्या मनात सूड नव्हता, तरी भाला फेकणाऱ्याच्या घरात त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

तुम्ही क्षमा कराल ती सुरक्षित जागी बसून करा. घाई नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तुमच्यासाठीच आहे. त्यात राहत्या घराचा हक्क आहे आणि संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयाचा मनाई हुकूमही मिळतो. तक्रार नोंदवल्याने तुमचा विश्वास उणा होत नाही. नवऱ्याला खरा पश्चात्ताप झाला असेल तर तो दारू सोडण्याच्या उपचारात दिसेल, रविवारच्या रडण्यात नाही.

प्रश्न : मुलाने बौद्ध मुलीशी विहारात लग्न केलं. मंडळीतले म्हणतात, त्याने सगळ्यांसमोर माफी मागावी, मगच घरात घ्या. आम्ही काय करावं?

उत्तर : घरात घ्या, सुनेसकट.

जालन्याजवळच्या बेथेलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती वस्ती उभी करणारे रेव्ह. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांना परत मिळाला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण ख्रिस्ती लोकांत तो जेवला-राहिला होता. आता त्याला जातीत घ्यायचं की नाही, यावरून मुंबई पेटली. प्रायश्चित्त देऊन पोराला जवळ करा, असं म्हणायला ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. एका पोराला आईबापाच्या घरी जेवायला बसवायचं की नाही, हे जातीची पंचायत ठरवणार होती.

पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. आज आपली मंडळी त्या पंचायतीच्या जागेवर बसली आहे, याची निदान लाज वाटू द्या. उधळ्या मुलाच्या दाखल्यात मुलगा क्षमायाचना पाठ करून येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो तेव्हा ती म्हणायचीच असते, आणि म्हणून पुरी व्हायच्या आत बाप अंगरखा मागवतो. तुमच्या मुलाने तर उधळपट्टीही केलेली नाही, त्याने लग्न केलं आहे. तुम्हाला न सांगता केलं याचं वाईट वाटलं असेल, तर ते त्याला घरात, जेवताना सांगा. चर्चमध्ये उभं करून नव्हे.

प्रश्न : मी भोकरदनला कॉलेजात आहे. आमच्या आज्यापणज्यांनी मांगवाड्यात राहून पिढ्यान् पिढ्या माना खाली घातल्या. ख्रिस्ती झाल्यामुळे अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, जमीन नव्हतीच. आणि व्यासपीठावरून आम्हालाच लीनता शिकवतात. आणखी किती वाकायचं?

उत्तर : तुझा राग मला रास्त वाटतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्याविरुद्ध बोलणं गर्व नाही.

लीनतेचा सगळ्यात मोठा पाठ पौलाने लिहिला तो फिलिप्पै शहरातल्या मंडळीला. आता त्याच शहरात तो स्वतः कसा वागला होता ते प्रेषितांच्या कृत्यांत, सोळाव्या अध्यायात वाच. चौकशी न करता त्याला भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप पाठवला. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. त्यांना यावं लागलं. येशूलाही मुख्य याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाही तर का मारतोस, असं त्याने विचारलं.

शास्त्रात लीनता सांगितली आहे ती आधी वरच्याला. गुरूने शिष्यांचे पाय धुतले. ब्राह्मण घरातले शेषाद्री जालना भागात महार-मांगांत राहून राबले, ती लीनता होती. तुझ्या आज्याला मान खाली घालायला लावली तो जुलूम होता, आणि या दोन गोष्टींना व्यासपीठावरून एकच नाव देणं बंद झालं पाहिजे. तुझ्या वाट्याची लीनता पुढे येईल, तू शिकून साहेब होशील आणि गावातली एखादी म्हातारी तुझ्या टेबलापुढे अर्ज घेऊन उभी राहील तेव्हा. तिला खुर्ची दे.

वाचकांना एक विनंती : पत्र छापून येईपर्यंत दिवस जातात. घरात मारहाण होत असेल तर आमच्या उत्तराची वाट पाहू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत, आधी तिथे फोन करा.