मन खंबीर होण्याची वाट पाहू नका

प्रश्न : वय 64, नोकरीतून निवृत्त. शुगर थोडी वर आहे म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आठवडाभर जातो, मग कधी लग्न, कधी ऊन, कधी गुडघा. एकदा खाडा झाला की बंदच पडतं. बायको म्हणते, "या वयात राहू द्या आता." मुलगा म्हणतो, "बाबा, मन खंबीर करा." मन खंबीर केल्यानं म्हातारपण खरंच सुधारतं का? आणि ते करायचं कसं?
— एक वाचक, तरोडा, नांदेड

उत्तर : सुधारतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी 2002 मध्ये ओहायोतल्या पन्नाशीपुढच्या 660 लोकांच्या नोंदी तपासल्या. म्हातारपणाबद्दल चांगलं मत असणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. नुसत्या विचारानं आयुष्य वाढलं, असा याचा अर्थ नाही. पण 'आता काय उपयोग' असं मनात बसलं की माणूस घराबाहेर पडायलाच कंटाळतो.

उपयोग मात्र असतो, अगदी नव्वदीतही. 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तुम्ही तर चौसष्टचेच आहात.

आता तुमच्या खाड्यांबद्दल. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. म्हणजे आठव्या दिवशी कंटाळा येणं हा मनाचा दुबळेपणा नव्हे, सवय लागायला अजून वेळ आहे एवढंच. मन आधी खंबीर होतं आणि मग पाय चालतात, हा समज सोडा. पाय रोज चालले की मनाचा भरवसा वाढत जातो.

म्हणून निर्णय रोज नव्यानं घेऊ नका, एकदाच ठरवा : सकाळचा चहा झाला की चपला पायात. सुरुवात दहाच मिनिटांची. एप्रिल-मेमध्ये नांदेडचं ऊन चढायच्या आत परत या. पाऊस किंवा लग्नघर असेल त्या दिवशी दहा वेळा हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा आणि भिंतीला धरून एका पायावर उभे राहा. तेवढ्यानंही खाडा टळतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा.

शिवाय मनाला कारण लागतं. साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात धावल्या आणि जिंकल्या, त्या नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून. शेतमजुरीनं शरीर आधीच काटक होतं, हेही खरं. शुगरचा आकडा हे कारण फार दिवस पुरत नाही. तुमच्या जिल्ह्यात श्रावणात माहूरगडाची परिक्रमा असते. सोबतीला एखादा मित्र धरून तिची तयारी करा.

गुडघा थोडा दुखला तर वेग कमी करा. सुजला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवा. शुगरची औषधं चालू असतील तर उपाशीपोटी लांब चालण्याआधी त्यांना विचारा. आणि बायकोलाही सोबत न्या. राहू द्या म्हणणारं घरात कुणी उरणार नाही.