आलापल्लीला परत जाताय? जुन्या भावाने हिशेब मांडू नका

हैदराबादहून एका मित्राचा फोन आला. "सूरजागडला नोकरी लागली रे, आम्ही परत येतोय. आलापल्लीत घर बघून ठेव. भाडं काय असणार, दोनेक हजार?" त्याचे वडील वनखात्यात होते. १९९९ साली कुटुंबाने गाव सोडलं, आणि त्याच्या हिशेबात गाव त्या सालातच थांबलं होतं. सॉ मिलचा भोंगा, डेपोतले सागाचे थप्पे, अंधार पडला की सामसूम होणारा चौक. भाडंही तेव्हाचंच.

पूर्वी जिथे राहिलो तिथे परत जाणाऱ्याचा खर्च नवख्यापेक्षा जास्त होतो, असं माझं मत आहे. नवखा चार ठिकाणी विचारतो. आपल्याला मात्र वाटतं, सगळं ठाऊक आहे.

गावात नेमकं काय बदललं, ते थोडक्यात. गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहनं जाळली आणि काम थंडावलं. २०२१ पासून उत्खननाने पुन्हा जोर धरला, २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांपर्यंत परवानगी मिळाली, आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. खाणीवर काम करणाऱ्यांना एटापल्ली, आलापल्ली, अहेरी इथेच घरं हवी असतात. त्यामुळे भाड्याने मिळणारी बरी घरं मोजकी आणि मागणारे फार. मित्राला मी सांगितलं, दोन हजार विसर, आणि पहिले सहा महिने बायकामुलांना तिकडेच राहू दे. तू एक खोली घे आणि एक पावसाळा काढून बघ. दोन चुली परवडत नाहीत हे खरं, पण चुकीच्या गावात बसवलेली एक चूल त्याहून महाग पडते.

घर घेताना करार नोंदवाच. इथे बरेच मालक "आपल्याच माणसाला कागद कशाला" म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह-लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. महिना ८,००० भाडं, २५,००० अनामत, ११ महिने असं धरलं, तर शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, शहरी हद्दीत १,०००. आलापल्ली ग्रामपंचायतीत येते, तर अहेरी आणि एटापल्लीला नगर पंचायत आहे. वर एजंटचे पैसे जातील ते वेगळे. नोकरीला रुजू होताना, गॅस बदलताना, आधारवरचा पत्ता बदलताना हाच कागद पुढे करायचा असतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं या जिल्ह्यात तरी विसरू नका. त्याला पैसे पडत नाहीत.

जमीन घेऊन ठेवण्याचा मोह आवरा. जुनी ओळख सगळ्यात महाग पडते ती इथे. वडिलांच्या वेळचा कुणीतरी भेटतो, चहा होतो, आणि "अर्धा एकर आहे, तुलाच देतो" अशी सुरुवात होते. गडचिरोलीचा हा भाग पाचव्या अनुसूचीतला. आदिवासीच्या नावावरची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याआधी शासनाची मान्यताही. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही आणि जमीन परत जाते. वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर तिथेच थांबा. मुद्रांक कागदावर नोटरीपुढे झालेल्या 'करारनाम्या'ने जमीन तुमची होत नाही, पैसे मात्र जातात. आणि हा कायदा आहे म्हणूनच इथल्या माडिया आदिवासी कुटुंबांकडे अजून जमीन आहे. त्यातून पळवाट शोधत बसू नये.

आता सामान. हैदराबाद ते आलापल्ली साडेतीनशे किलोमीटर धरा. ट्रक किलोमीटरला ३० रुपयांनी ठरला तर १०,५०० होतात. पण आलापल्लीहून परतीचा माल मिळत नाही म्हणून ट्रकवाला रिकामी फेरीही लावतो, मग तेच २१,०००. आधी अहेरी-आलापल्लीच्या वाहतूकदाराला विचारा. त्याचा ट्रक तिकडे माल टाकून रिकामा परतणारच असतो. प्लायवूडचे पलंग-कपाटं आणूच नका. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये याच रानांतलं सागवान बल्लारपूर डेपोतून गेलं, आणि आपण भुशाचं कपाट ट्रकात घालून सागाच्या गावात यायचं? फक्त सागवान डेपोच्या बिलासह घ्या आणि वाहतूक परवाना मागा. रात्री दारात स्वस्तात उतरणारी फळी वनगुन्ह्यातली असते.

परराज्यातली गाडी असेल तर हिशेब मोठा आहे. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत घेऊन एमएच-३३ क्रमांक करून घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. दहा लाखांखालच्या नव्या पेट्रोल मोटारीला तो ११ टक्के, डिझेलला १३. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज आपणच करायचा आणि पाठपुरावाही आपणच. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर मी ती तिकडेच विकीन.

गॅसचा खर्च छोटा, पण चिडचिड करायला लावणारा. गाव बदलताना जुन्या एजन्सीकडून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. तिथे अनामत मिळते ती जुन्या दराने, इथे भरायची आजच्या दराने. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०. लग्नात घेतलेलं कनेक्शन असेल तर फरक खिशातूनच जातो. आधारवर पत्ता बदलायला ७५ रुपये. मतदार यादीत नाव हलवायचा नमुना ८ फुकट. रहिवासी, उत्पन्न, जातीच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. सेतू कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेला माणूस ५०० चा स्टॅम्प घ्या म्हणेल. घेऊ नका.

आता मुलांचं. इथे चूक झाली तर ती लाखांत जाते. मुलाला डॉक्टर व्हायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, पण खासगी नोकरीवाल्याला ती लागू नाही. म्हणजे मूल तेलंगणात नववीत असेल तर आत्ताच या. दहावीचं वर्ष 'तिथेच संपवू दे' म्हणालात तर सरकारी कॉलेजची फी जाऊन खासगी कॉलेजची फी पुढे उभी राहू शकते. अभियांत्रिकीला पालकांच्या अधिवासावरून येणारी वाट आहे. वडिलांचा जुना अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून काढून ठेवा. आलापल्लीत घालवलेली ती वर्षं अशा वेळी खरोखर उपयोगी पडतात. सहावीत जाणारं मूल असेल तर घोटच्या नवोदय विद्यालयाची परीक्षा लक्षात ठेवा. पण ती मूल ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकतं तिथूनच देता येते, म्हणून एक वर्ष आधी हलावं लागतं.

परदेशातून, मस्कत-दुबईहून येत असाल तर दोनच गोष्टी. भारतात कायमचं परतल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं निवासी खात्यात बदलून घ्या. परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं असतं. आणि मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त राहिला नसाल, तर सुरुवातीची काही वर्षं 'साधारण निवासी नसलेला' हा दर्जा मिळतो आणि परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. सीएची दोन-तीन हजारांची फी इथे वसूल होते.

दर महिन्याचा खरा खर्च अंतराचा. दातांच्या तारा बसवायच्या, मोठी तपासणी करायची, लॅपटॉप दुरुस्त करायचा, तर चंद्रपूर. जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ धरलं, तर एका फेरीला १,७०० रुपये. जेवण वेगळं. नागपूरची फेरी साडेपाचशे किलोमीटरच्या वर, म्हणजे ४,००० रुपये आणि एक मुक्काम. महिन्याला चंद्रपूरच्या दोन आणि दोन महिन्यांतून नागपूरची एक फेरी लिहून ठेवा, म्हणजे साडेपाच हजारांचा आकडा भाड्याशेजारी बसेल. एसटी स्वस्त आहे. साध्या गाडीला ६ किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे १० रुपये पडतात, म्हणजे चंद्रपूर दोनशेच्या आसपास. बाईला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला फुकट. वेळ मात्र वाटेतल्या आष्टीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक किती आहेत त्यावर. हैदराबादकडे जायला अहेरीहून वांगेपल्ली-गुडेम पुलावरून कागजनगर स्टेशन गाठा. १९९९ मध्ये तिथे नाव होती.

आजारपणाचं. अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे, हेडरीला खाण कंपनीचं, हेमलकशाला आमट्यांच्या लोक बिरादरीचं. विमा घेताना कॅशलेस रुग्णालयांची यादी वाचा. त्यातलं जवळचं नाव बहुतेक चंद्रपूरचं निघेल. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. या जिल्ह्यात मलेरिया फार, म्हणून माणशी एक चांगली मच्छरदाणी पहिल्याच बाजारात घ्या. ताप आला की आशाताईकडून रक्त तपासून घ्या, ती तपासणी फुकट होते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर लागेल. बॅटरीसकट २० हजारांच्या आगेमागे धरा.

एक आकडा बजेटात कुणी लिहीत नाही. मित्राचा पगार सूरजागडला वाढणार होता, पण त्याची बायको हैदराबादेत कमावत होती. ती घरून काम करू शकेल का, हे ठरवायला तिने नेट तपासायला हवं, आणि तेही नक्की केलेल्या घरात, जुलैच्या पावसात. "टॉवर आलाय" एवढ्यावर भागत नाही. ते दोघं जुलैत चार दिवस राहून गेले. घर त्यांनी आलापल्लीत न घेता अहेरीत घेतलं. तिचा मोबाइल तिथल्या गच्चीवरच नीट लागतो.